सोयगावचा रानपिंगळा

कारभारीकाकांनी चहा केला, पण साखर घालायची राहिली. सगळ्यांनी तसाच घेतला.

"कॅमेऱ्याचं कार्ड परवा गेलं," काका म्हणाले. "माझी बायको सत्यभामा जायच्या आधी वर्षभर ह्याच पलंगावर व्हती. खिडकीतनं फोटो काढायची. काय बघत व्हती, मला कधी दाखवलं नाय. तेवढं बघायचंय."

खासगी तपास करणारी संध्या खिडकीशी गेली. निळ्या गजांबाहेर कडुनिंब होता, त्यापलीकडे फाटक. सोबतीला आलेला कडुबा बिनसाखरेचा चहा संपवत बसला.

शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेला भाचा ऋतुराज म्हणाला, "कॅमेरा मीच कपाटात ठेवला. उघडून बघितला नाय. मला त्यातलं काय कळतंय?"

मग शेजारचा प्रणय आला. "काकूंना फोटो काढायला मीच शिकवलं. पण मी परवा सोयगावच्या रानात होतो. हे बघा." त्याने मोबाइल पुढे केला. "रानपिंगळा. घुबडाची जात, लई दुर्मिळ. भर दुपारी बसला होता."

वाटोळं डोकं, त्यावर पांढरे ठिपके. कडेला धूसर निळा पट्टा.

"आभाळ झकास आलंय," कडुबा म्हणाला.

संध्याने फोटो मोठा केला. "प्रणय, कार्ड दे."

"कसलं कार्ड?"

"रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. हा साधा पिंगळा आहे, घराजवळच्या झाडांवर राहणारा. दिवसा तोही दिसतो. तू तेवढ्यावरच फसलास."

"साधा पिंगळा सोयगावातबी असंल की, ताई," कडुबा म्हणाला.

"असेल, कडुबाभाऊ. पण आभाळाला अशी सरळ कड नसते. तो ह्या खिडकीचा गज आहे. काकूंनी हा फोटो तुला दाखवला, प्रणय. त्या गेल्यावर तू तो स्वतःच्या नावावर केलास."

प्रणयने पाकिटातून कार्ड काढलं. "काका, मला वाटलं, कुणी बघणार नाही."

काकांनी कार्ड घेऊन ऋतुराजकडे दिलं.

ऋतुराजने कार्ड कॅमेऱ्यात घातलं. पिंगळ्याचे फोटो थोडेच होते. बाकी सगळं फाटक. सकाळचं, उन्हातलं, दिवे लागल्यावरचं. फाटकात कुणी नाही.

शेवटच्या फोटोत काका होते. हातात पिशवी, फाटक ढकलताना.

"हा हललाय," कडुबा म्हणाला.

"व्हय," काका म्हणाले. "हसली की तिचा हात हलायचा."