सहा महिने टिकलेलं कुंकू

‘तेजाळ सेव्हन: सहा महिने वापरल्यावर खरं खरं!’ या चौदा मिनिटांच्या व्हिडिओतून, गाड्यांचे व्हिडिओ करणाऱ्या विहंगच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवू. शोरूमकडून एक जाडसर पाकीट. पुढची गाडी चालवून बघायचं आमंत्रण, गोव्याच्या हॉटेलासकट. वर तीन लाख लोकांचे अंगठे.

त्या तीन लाखांतला एक अंगठा घोडपदेवच्या दत्तारामचा होता.

दत्तारामची काळी-पिवळी टॅक्सी ऑगस्टमध्ये भंगारात गेली. वीस वर्षं पूर्ण झाली, कायदाच तसा. त्या दिवसापासून तो खिडकीपाशी बसून मोबाईलवर गाड्या बघत होता. चहा समोर ठेवला तर प्यायचा, नाही ठेवला तर मागायचा नाही. त्याची मुलगी दर्शना त्याचे शब्द मोजायची. काल नऊ झाले होते. त्यांतले चार ‘हं’ होते.

दर्शना तेरा वर्षांची होती आणि तिला या सगळ्याचं काहीच वाटत नव्हतं. गरम चहाने जीभ भाजली की दिवसभर कशालाच चव लागत नाही ना, तसं.

दत्तारामला तेजाळ सेव्हन हवी होती. सात सीट, म्हणजे शाळेची मुलं नेता येतील. एकवीस हजार देऊन नाव नोंदवून झालं होतं. दर्शनाच्या आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. रविवारी शोरूममध्ये आणखी तीन लाख भरायचे, उरलेले हप्त्यांनी, की चावी हातात!

“गाडी चालवून बघितलीत का?” आईने एकदा विचारलं होतं.

“विहंगने बघितलीय ना,” दत्ताराम म्हणाला. त्या दिवशीचे तीन शब्द तिथेच खर्च झाले.

* * *

शुक्रवार. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. चाळीच्या पटांगणात किल्ल्याचं काम चाललं होतं. दर्शनाचा दोस्त दौलत कोपरापर्यंत मातीत बुडाला होता, दर्शना पाणी घालत होती.

“बुरूज पडतोय! अगं पाणी कमी घाल! हा किल्ला आहे की शिरा?”

“तू हात काढ, म्हणजे उभा राहील,” त्यांची मैत्रीण संघमित्रा म्हणाली. ती किल्ल्याला हात लावत नसे. पायरीवर बसून फक्त चुका सांगत असे.

वरच्या खिडकीतून विहंगचा आवाज आला: “पावसाळा काढलाय मित्रांनो! एक थेंब आत नाही!”

“आज पाचव्यांदा,” दर्शना म्हणाली.

“बघू तरी काय आहे एवढं,” म्हणत संघमित्राने आपल्या आईचा फोन काढला. आधी तिने विहंगचा एप्रिलमधला व्हिडिओ लावला, ‘मी गाडी घेतली!’. पांढरी गाडी, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक. मग सहा महिन्यांनंतरचा लावला. तीच गाडी, विहंगच्या अंगात मात्र निळ्या चौकड्यांचा शर्ट. मग पुन्हा पहिला. मग पुन्हा दुसरा.

“झालं, हीसुद्धा गेली कामातून!” दौलत ओरडला. “काकांसारखीच!”

“गप रे. इकडे ये. हा स्वस्तिक बघ. डावीकडचा हात उलटा वळलाय. आणि खाली एक ओघळ आहे, उंदराच्या शेपटीसारखा.”

“बरं मग?”

“आता हा सहा महिन्यांनंतरचा.”

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. कोपऱ्यात, हेडलाइटच्या वर, तोच उलटा हात होता आणि तीच शेपटी.

“दसऱ्याला नवीन काढला असेल,” दौलत म्हणाला.

“तोच ओघळ? त्याच जागी?”

“पण मी हा व्हिडिओ किती वेळा बघितलाय!” दर्शना म्हणाली. “मला कसा नाही दिसला?”

“तुम्हाला सवय असते. आमच्या घरी स्वस्तिक काढत नाहीत, म्हणून मला तो दिसतो.”

खात्री करायला तिघं कोपऱ्यावर गंगुबाईंकडे गेली. हार आणि लिंबू-मिरची विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. अर्ध्या घोडपदेवच्या गाड्यांची पूजा त्यांच्याच फुलांनी व्हायची.

“गंगूआजी, गाडीवरचं कुंकू किती दिवस टिकतं?”

“अगो, कुंकू काय रंग आसा? एकदा फडको मारलो की गेला!”

“आणि पावसात?”

“पावसात रवता खंय!” गंगुबाई हसत सुटल्या. “चार महिने पावसात राहिलेलं कुंकू कोणी दाखवलंन, तर माका दाखव. मी त्याचीच पूजा घालीन!”

दौलतने मातीचे हात चड्डीला पुसले. “म्हणजे दोन्ही व्हिडिओ एकाच दिवशी! शर्ट बदलून! अरे, हा तर आपल्या गॅदरिंगपेक्षा भारी!”

* * *

शनिवारी सकाळी तिघं बसने ठाकूरद्वारला गेली. तिकिटं दर्शनाच्या गेल्या भाऊबिजेच्या पैशांतून निघाली. पत्ता शोधावा लागला नाही. दोन्ही व्हिडिओंत गाडीमागे पाटी होती: ‘पिंपळेश्वर वाडी, ठाकूरद्वार. येथे वाहने उभी करू नयेत. हुकुमावरून.’ विहंग बरोबर तिच्यासमोरच गाडी उभी करून बोलत होता.

वाडीत तळमजल्याच्या ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. इस्त्रीचा सदरा, चष्म्याला दोरी. ते विहंगचे आजोबा श्यामकांत.

“विहंगदादा इथेच राहतात?” संघमित्राने विचारलं.

“राहतो. पण अजून उठलेला नाही. तुमचं काय काम?”

“त्यांची तेजाळ गाडी बघायची होती,” दौलत म्हणाला. “फॅन आहोत आम्ही!”

“गाडी?” आजोबांनी चष्मा खाली केला. “बाळांनो, या वाडीत सायकल ठेवायला दोन सभा घ्याव्या लागतात. गाडी कुठली?”

“पण व्हिडिओत…”

“हां, ती होय! अक्षय्य तृतीयेला आली होती. अकराला आली, चारला गेली. स्वस्तिक मीच काढला. हात थरथरतो, एक पाय वाकडा गेला. मग दुपारी विहंग म्हणाला, आजोबा, तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट द्या. मी म्हटलं, अरे उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा? तर म्हणे, आता नोव्हेंबर आहे.” आजोबा स्वतःशीच हसले. “मी म्हटलं, असेल बुवा. मला वाटलं नाटकाची तालीम आहे.”

कोणी हसलं नाही.

“आजोबा,” दर्शना म्हणाली, “उद्या माझे बाबा ती गाडी घेणार आहेत. तो व्हिडिओ बघून. आईच्या बांगड्या ठेवल्यात.”

हे सांगताना तिचा आवाज हललाही नाही. भाज्यांचे भाव सांगावेत तसं तिने सांगितलं. श्यामकांतांनी पेपराची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

“कुठे? किती वाजता?” त्यांनी विचारलं.

* * *

तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर घरी सांगून टाकायचं! दर्शनाने त्याच संध्याकाळी सांगितलं. दोन्ही व्हिडिओ दाखवले. दत्तारामने स्वस्तिक बघितला. बराच वेळ बघितला.

“ठरलंय आता,” तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

माणूस एकदा बधिर झाला की त्याला टोचून उपयोग नसतो. जिथे जाणीव शिल्लक आहे, ती जागा शोधावी लागते. रात्री अंथरुणात दर्शनाला एक गोष्ट आठवली. कुठलीही नवी गाडी दिसली की बाबा आधी टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघायचे. मग जॅक कुठे ठेवलाय ते. “गाडी वापरलेला माणूस हे झोपेतसुद्धा सांगतो गो,” ते म्हणायचे.

सकाळी सातला ती दौलतच्या दारात उभी होती.

“ऊठ! आज विहंग शोरूममधून लाइव्ह करणार आहे. तुला नाटक करायचंय.”

* * *

लालबागच्या पुलाजवळच्या त्या शोरूममध्ये फुगे लावले होते. विहंग आला होता. समोर गोल दिवा, स्टँडवर मोबाईल, मागे तेजाळ सेव्हनचं चकचकीत नाक. त्याचं लाइव्ह चालू होतं आणि अकरा हजार लोक ते बघत होते.

दत्ताराम प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आणि पैसे घेऊन खुर्चीवर बसला होता. विक्रेता पावतीपुस्तक शोधायला गेला होता. तेवढाच वेळ हातात होता.

“विहंगदादा!!” दौलतने अशी आरोळी ठोकली की एक फुगा फुटला. “मी तुमचा सर्वांत मोठा फॅन!”

विहंगने हसत त्याला कॅमेऱ्यासमोर ओढलं. “बघा मित्रांनो, छोटे दोस्त!”

“दादा, ही माझी मैत्रीण. टॅक्सीवाल्याची मुलगी आहे. तिचे तीन प्रश्न आहेत. तुम्ही सहा महिने गाडी वापरलीत, मागे न बघता सांगाल ना?”

“डोळे मिटून सांगतो!”

दर्शना पुढे आली. “टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे?”

“डावीकडे! सोपं विचारलंस.”

“उजवीकडे आहे!” गाडीच्या बाजूने संघमित्राचा आवाज आला.

“हां, म्हणजे… समोरून बघताना डावीकडे.”

“जॅक कुठे असतो?”

“डिकीत. अजून कुठे असणार?”

“सर, ड्रायव्हरच्या सीटखाली,” पावतीपुस्तक घेऊन आलेला विक्रेता मदत करायला म्हणून बोलला आणि मग जीभ चावून उभा राहिला.

खुर्चीवर दत्तारामने मान वर केली.

“आणि मागच्या काचेचा वायपर,” दर्शना म्हणाली, “तो पावसाळ्यात कसा चालला?”

“वायपर? एक नंबर! लोण्यासारखा! धो धो पावसात…”

“दादा,” संघमित्रा शांतपणे म्हणाली, “या गाडीला मागे वायपरच नाही.”

स्टँडवरच्या मोबाईलमध्ये शेरे इतक्या वेगाने वर सरकायला लागले की वाचता येईनात. विहंगने हात पुढे केला, लाइव्ह बंद करायला. पण त्याचा हात मध्येच थांबला. काचेचं दार ढकलून श्यामकांत आत येत होते. अंगात निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

“विहंग,” ते कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाले, “अक्षय्य तृतीयेला नोव्हेंबर होता ना रे?”

तो शर्ट अकरा हजार लोकांनी ओळखला. मग विहंगने मोबाईल पाडला.

दत्ताराम उठला. गाडीभोवती एक फेरी मारली. झाकण उघडून बघितलं. मागच्या काचेवरून, वायपर असता त्या जागी, बोट फिरवलं. मग विक्रेत्यासमोर तळहात धरला.

“चावी.”

“काका, सगळं व्हिडिओत…”

“चावी द्या. सात जण बसवून बघायची आहे.”

“सात जण आता कुठून आणणार?”

दत्तारामने बोट फिरवत मोजले. “मी. तुम्ही. ही तीन पोरं. आजोबा. आणि,” त्याचं बोट थांबलं, “सर्वांत मागे हे.”

विहंगला मागच्या सीटवर बसवलं तेव्हा त्याचे गुडघे कानांना लागले.

“दादा, सहा महिन्यांत इथे एकदाही बसला नाहीत?” दौलतने मागे वळून विचारलं. “की इथेपण नोव्हेंबरात बसणार होता?”

“दौलत, पुढे बघ,” श्यामकांत म्हणाले. पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

पुलाच्या चढावर गाडी कण्हायला लागली. दत्तारामने एसी बंद केला. तरी ती पहिल्या गिअरवरच रांगत राहिली. पाठीमागे हॉर्नचा गोंधळ. उतारावर खड्ड्यात मागचं चाक आतून घासलं, खर्रर्र! आणि विहंगचं डोकं छताला लागलं. दत्तारामचा चेहरा मात्र तसाच होता, फक्त हात जागे झाले होते. स्टिअरिंगवर ते असे फिरत होते की दर्शना बघतच राहिली.

खाली आल्यावर त्याने गाडी जागच्या जागी लावली, चावी विक्रेत्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “शाळेची पोरं यात बसवायची? माझीच बसवून बघितली, पुरे झालं. एकवीस हजार परत द्या.”

“काका, बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत…”

“मिळतील,” श्यामकांत म्हणाले. “चाळीस वर्षं सरकारी कचेरीत अर्ज लिहिलेत मी. हा एकेचाळिसाव्या वर्षातला पहिला लिहू का?”

मिळाले.

* * *

संध्याकाळी अख्खी चाळ किल्ल्याभोवती जमली. गंगुबाईंनी तिघांच्या गळ्यांत झेंडूचे हार घातले. “गाडीचे होते, आता गाडीच नाय!” श्यामकांत मुद्दाम आले होते. त्यांनी संघमित्राच्या पाठीवर हात ठेवला. “शाबास! माझा वाकडा स्वस्तिक एवढ्या बारकाईने आजवर कोणी बघितला नव्हता.”

दत्ताराम पायरीवर बसला होता. गाडी नव्हतीच. टॅक्सी तर परत येणारच नव्हती. त्याने दर्शनाला जवळ बोलावलं.

“ठाकूरद्वारला कशी गेलात गो?”

“बसने. तिघांचे जाऊन येऊन साठ.”

त्याने खिशातून साठ रुपये काढून तिच्या हातात दिले. “टॅक्सीवाल्याच्या पोरीने बसचं भाडं भरायचं? लाज काढलीस माझी.”

तो हसला नाही. पण मग त्याने चहा मागितला. दर्शना शब्द मोजायला लागली, सोळावर तिचा मेळ चुकला. मग मोजणं सोडून ती चहा ठेवायला पळाली.

आता कोणी काय भरलं, ते. शोरूमने एकवीस हजार परत भरले. आईच्या बांगड्या बुधवारी घरी आल्या, त्यांचं दोन आठवड्यांचं व्याज दत्तारामने भरलं. विहंगचं पाकीट शोरूमने काढून घेतलं, गोवाही गेला. आजोबांनी त्याला ‘ही गाडी मी फक्त पाच तास पाहिली’ असा खरा व्हिडिओ करायला लावला. खोट्याला तीन लाख अंगठे मिळाले होते, खऱ्याला नऊ हजार. उरलेल्यांपैकी ज्यांनी गाडी घेतली, ते महिन्याच्या महिन्याला हप्ता भरत आहेत.