तीन ठोके

त्या काळात कुठल्याही जुन्या लाकडाला 'तुला कोणी घडवलं?' असं विचारता येई, आणि लाकूड उत्तर देई. लोक आपले पाळणे, देव्हारे हौसेने तपासून घेत.

त्यामागचं शास्त्र सोपं होतं. घाव बसला की लाकडातल्या पेशी दबतात. तो किती जोराने बसला, कुठल्या कोनातून बसला, हे त्यांच्यात राहून जातं. याला काष्ठस्मृती म्हणत. ती वाचणाऱ्या यंत्राला प्रत्येक हात वेगळा कळे, जशी आपल्याला घरच्या माणसांची पावलं कळतात.

खाडीच्या चिखलात सहा हजार वर्षांपूर्वीची होडी सापडली. एकाच खोडातून कोरलेली. त्या किनाऱ्यावर तिच्याहून जुनी होडी नव्हती. होड्या बांधणाऱ्या शिवराम मेस्तांनी ती पाहिली आणि हात जोडले. तिच्या मागच्या काठावर लाकूड तासायच्या तासणीचे तीन ठोके होते. मेस्तांच्या घराण्यात नवी होडी पाण्यात लोटताना अगदी तिथेच तीन ठोके मारत. एक भाऊ पाण्यात उभा राहून काठ धरी, दुसरा ठोके मारी. तिसऱ्या ठोक्याला पाण्यातल्या भावाने हात झटकन काढायचा, की सगळे हसत.

"आमच्याच मूळपुरुषान होडी शोधली," शिवरामकाका सगळ्यांना सांगत. ते सिद्ध व्हावं म्हणून त्यांनी स्वतःचे ठोकेही यंत्राला दिले होते.

निकाल आला त्या दिवशी नवी होडी किनाऱ्यावर सजून उभी होती.

"काका, आज ऐकायलाच हवं का?" यंत्र वाचणाऱ्या डॉ. केतकी गोगटे म्हणाल्या.

"सांगा ओ ताई. पेढे आणलंय मी."

"होडी कोरणाऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी तुटकी होती. कोरताना तो हात टेकवी, तिथे त्या बोटाची जागा रिकामी आहे." केतकीताईंनी कागद उलटला. "तशाच हाताची खूण काठावर बाहेरून आहे. नखं रुतलेली."

"म्हणजे तो पाण्यात होतो?"

"वर यायला बघत होता. दोन ठोके बोटांच्या शेजारी पडलेत. तिसऱ्यानंतर हात नाही."

"आणि ठोके मारणारो?"

त्यांनी मान खाली घातली. "मनगटाचं वळण तुमचं आहे, काका. बापाकडून मुलाकडे आलेलं."

पेढ्यांचा पुडा काकांच्या मांडीवर तसाच राहिला. किती पिढ्या मेस्तांनी मूळपुरुष म्हणून कोणाला नैवेद्य दाखवला होता!

"होडी त्येणा शोधली," ते हळूच म्हणाले, "आणि तिच्यात बसले आमचे."

भरती आली होती. धाकटा भाऊ वसंत कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून हसत उभा होता. तीन ठोक्यांशिवाय त्या होडीत कोणी पाय ठेवणार नव्हतं.

"मार रे दादा! भरती कोणाक थांबता?"

शिवरामकाकांनी तासणी उचलली. मनगट आपोआप त्या वळणावर गेलं.

"हात काढ, वसंता."

"आत्ताच? तिसऱ्याक काढतंय ना दरखेपेक!"

"काढ म्हणतंय ना!"

इतक्या वर्षांत दादाने हे कधी म्हटलं नव्हतं. वसंत हसला, मग त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं. तासणीकडे पाहिलं. आणि एकही ठोका पडण्याआधी त्याने हात काढून घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरला, आणि एक पाऊल मागे सरला.

रिकामी होडी पाण्याने अलगद उचलली.