आठ नंबरचा पोर्ट

गजा, तो लॅपटॉप मिट आणि ऐक. मघाशी ऐटीत सांगत होतास ना, की आता मशीनला वायर लागत नाही, लिनक्सवर बसल्या जागी पोर्ट भासवता येतो, आणि हजार किलोमीटरवरचं यंत्रसुद्धा मशीनला आपल्या पाठीलाच जोडलंय असं वाटतं. असेल बाबा. पण असलं काही निघायच्या आधी, अठ्ठ्याऐंशी साली, आपल्या कुंभिवलीच्या कारखान्यात बिनवायरचा पोर्ट एका रात्री बोलला होता. मी तेव्हा तिथे गेटवर वॉचमन होतो. ज्याच्याशी तो बोलला तो सहदेव, आमच्या इंदूचा नवरा, म्हणजे माझा मेव्हणा. त्यानं मला हे सगळं एकदाच सांगितलं. पुन्हा विचारायची माझीही छाती झाली नाही.

तारीख तेरा ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी सहदेव एक जेवणाचा डबा पोचवायला कशेळ्याला निघाला. डबा चांगोचा. चांगो त्याच्याबरोबर कामाला होता, त्याचा त्या दिवशी दहावा. डबा कॉम्प्युटरच्या खोलीत तसाच राहिला होता. सहदेवनं तो घासून, पुसून पिशवीत घातला आणि एसटीत खिडकीशी बसला.

सहदेव अकरा वर्षं टेलेक्सवर होता. मुंबईच्या हापिसाचा प्रत्येक निरोप त्याच्या बोटांखालून जायचा. मॅनेजरसुद्धा दार वाजवून आत यायचा, एवढा त्याचा मान. मग कंपनीनं मुंबईला चौथ्या मजल्यावर मोठं मशीन बसवलं. त्याच्या पाठीला सोळा पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची सोळा तोंडं. एका पोर्टाला एक टर्मिनल, पडदा नि कळफलक असलेलं. सात नंबर आपल्या कारखान्याचा. मधे ऐंशी किलोमीटर टेलिफोनची तार आणि दोन्ही टोकांना मॉडेम नावाची एकेक पेटी. सात नंबरवरून हाक आली की मशीनला वाटायचं, माणूस शेजारच्याच टेबलावर बसलाय. तो खरा कुठे बसलाय हे त्याला कळायचं नाही.

ही लाइन जुळवली चांगोनं. पंचविशीतला पोरगा, सहा आठवडे मुंबईला शिकून आलेला. मॉडेमच्या पोटात आठ बारीक खटके असत. ते दोन्ही टोकांना जुळले पाहिजेत. एक जरी खालचा वर झाला तरी पडद्यावर नुसता कचरा. चांगोला ते तोंडपाठ होतं. लाइन लागली की इंग्रजी अक्षरांत तो आधी एकच शब्द टाइप करायचा, पोचलो. त्याच्या वाडीत रात्री घरी आलेला माणूस अंगणातून हाळी देतो, तसं. मुंबईला मशीनवर बसणारा पोपट त्यावर रोज हसायचा.

आणि सहदेव जळायचा. तोंडावर "वा रं वा" म्हणायचा आणि आतून जळायचा. आमची इंदू तर भोळी. एकदा वाढता वाढता म्हणाली, "किती गुणी हाय ओ तो चांगो. तुमी पन शिका की त्याच्याकडनं." सहदेव ताटावरून उठला. परक्यानं केलेलं कौतुक एक वेळ सोसतं, पण बायकोनं केलेलं त्याला झोंबलं ते झोंबलंच. त्यात मॅनेजरनं सांगून टाकलं, टेलेक्स बंद होणार, नव्या खोलीत खुर्ची एकच. ती खुर्ची कुणाची हे काय सांगायला हवं होतं?

चार तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब लाइन बघायला येणार होते. संध्याकाळी चांगो चहाला गेला. सहदेवनं मॉडेमचं झाकण काढलं. पेनच्या टोकानं तिसरा खटका खाली पाडला. झाकण लावलं. साहेबांसमोर याची एकदा फजिती व्हावी, एवढंच त्याच्या मनात होतं. शपथेवर सांगितलं त्यानं, एवढंच.

रात्री पडद्यावर कचरा. चांगोनं सगळं पाहिलं, फक्त पेटी उघडली नाही. खटके त्यानं स्वतःच्या हातानं लावले होते ना! त्याला वाटलं, हायवेच्या खांबावरचा तारेचा जोड सुटला. दहा वाजता त्यानं बॅटरी उचलली.

"दादा, जोड बघून येतो. नायतर उद्या नाक कापलं जाईल माझं."

बस खाली, आधी पेटी बघ. एवढंच म्हणायचं होतं. सहदेव म्हणाला, "जा, पन लवकर ये रं."

पहाटे चांगो हायवेखालच्या भातात सापडला. ट्रकनं उडवलं होतं. सहदेवनं खटका वर केला, लाइन सुरू झाली, आणि साहेबांनी सहदेवची पाठ थोपटली. खुर्ची मिळाली. पण खरं सांगू? हेवा गेला नाही. जो तो चांगोचंच नाव काढून रडत होता, आणि सहदेवला त्या रडण्याचाही हेवा वाटायचा.

तर तो कशेळ्याला पोचला तेव्हा नदीवर पिंड ठेवलेला होता. पांढरा भात, वर काळे तीळ. आंब्यावर कावळे ढीगभर. एक खाली उतरेना.

"तुझ्या गोदाला अंतर देनार नाय रं," चांगोचा चुलता ओरडला. "पोरीला शिकवू."

कावळे बसूनच. उन्हं चढली. चांगोची बायको गोदा सहदेवकडे वळली. "दादा, शेवटी तुमीच होता जवळ. काय राहिलं असंल ओ त्यांचं?"

डब्याची पिशवी तिच्या हातात देत सहदेव म्हणाला, "मला काय म्हाईत, वैनी."

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं घरी गेली. सहदेवही मुकाट परतला, कारण रात्रपाळी होती. रात्री तारेवर खरखर कमी असते, म्हणून मालाची यादी रात्रीच मुंबईला जायची.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सहदेवनं लाइन लावली आणि सवयीनं मशीनला विचारलं, आत्ता कोण कोण बसलंय? पडद्यावर उत्तर आलं.

सात नंबर, सहदेव.

आठ नंबर, चांगो.

त्यानं डोळे चोळले. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्यानं मुंबईला फोन लावला.

"पोपट, चांगोचं नाव काढलं नाय काय तू?"

"सहा तारखेलाच काढलं. का रं?"

"मग आठ नंबरवर कोन हाय?"

पोपट मशीनच्या मागे जाऊन आला. "आठला कोन असनार? वायरच नाय त्याला. तोंड उघडं हाय." मग त्यानं आपला पडदा बघितला. "थांब... इथं पन नाव दिसतंय..."

फोन बंद पडला.

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. सावकाश. चांगो दोनच बोटांनी टाइप करायचा, तशी.

दादा...



जोड बघितला...

जोड चांगला हाय...

त्यानं मॉडेमची वायर ओढली. पेटीवरचा दिवा विझला. लाइन मेली. आणि अक्षरं...

अक्षरं येतच होती.

मग कचरा का...

बाहेर हायवे गप्प. एक ट्रक नाही. खोलीत ओल्या भाताच्या खाचराचा वास.

तीन नंबरचा खटका कुणी पाडला...

सहदेव दाराकडे बघत होता. दार उघडं होतं. बाहेर कुणी नव्हतं. पडद्यावरची खूण लुकलुकत होती... वाट बघत होती. सकाळी आंब्यावर बसलेल्या कावळ्यांसारखी.

त्यानं बोट उचललं. दोन अक्षरं दाबली.

मी.

काही नाही.

किती वेळ... काहीच नाही.

मग एक शब्द.

पोचलो.

आणि पडदा काळा झाला.

पहाटे तो धडपडत गेटवर आला तेव्हा मीच त्याला पाणी दिलं. आठ वाजता त्यानं मॅनेजरला सगळं सांगितलं. तिथून तसाच कशेळ्याला गेला आणि गोदाच्या अंगणात उभा राहून तिलाही सांगितलं. ती काय बोलली ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. नोकरी गेली. पुढं जन्मभर शेती केली. दुसऱ्याचं भात आपल्यापेक्षा चांगलं आलं की बांधावर उभा राहून तोंडभर वाखाणायचा.

हसू नको गजा. भास म्हणशील, मीही म्हणालो असतो. पण महिन्याभरानं पोपट कारखान्यात आला होता, तेव्हा गेटवर त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. त्याला ना दहाव्याचं ठाऊक होतं, ना पिंडाचं. त्याला फक्त विचारायचं होतं, हे काय असेल. चौथा मजला, बंद खिडक्या, कुलूप लावलेली गार खोली, आणि त्या रात्रीनंतरच्या सकाळी आठ नंबरच्या उघड्या तोंडात हे अडकलेलं होतं.

मी पुडी उघडली. शिजलेल्या भाताचं एक शीत, महिन्यानंतरही ओलं. त्याला एक काळा तीळ चिकटलेला.