काळ्या चिलखतावरचा उजेड

दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे रंगून आले की आधी माझ्या पुढ्यात येतात. रंगाचा ओघळ, धुळीचा कण, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, काहीही दिसलं की शेजारी पिवळा कागदी बाण चिकटवायचा आणि पत्रा पुढे ढकलायचा. दुरुस्तीवाले तो बाण बघून काम करतात. इतकी वर्षं हे करून माझी नजर एवढी खडूस झालीय, की लग्नाच्या पंगतीत मला ताटाला आलेला पोचा आधी दिसतो आणि जिलेबी नंतर.

रहाटणीत मी अर्जुनरावांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मंडळी मूळची इथलीच. शेत होतं तिथंच आता इमारत आहे. खालच्या मजल्यावर ते, यशोदाकाकू आणि त्यांचा एकुलता एक रणजीत. रणजीत मारुंजीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीत बसून बोटभर उंचीचे शिपाई रंगवायचा. कुठल्या परदेशी खेळातले, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या चिलखतातले. "काय रे, भातुकली कशी चाललीय?" असं मी जाता-येता चिडवायची. "ताई, या ना, तुम्हाला पण एक बाहुली देतो," असं तो म्हणायचा. गेले एकदा, आणि मलाही नाद लागला. घ्या!

त्याचा हातखंडा म्हणजे भुताटकीचा उजेड. काळ्या चिलखतावर हिरवट रंग पाण्यासारखा पातळ करून थरावर थर द्यायचा. उजेडाच्या जवळ जवळपास पांढरा, लांब जाईल तसा काळ्यात मुरत गेलेला. खरा उजेड नसतोच, नुसती डोळ्यांची फसवणूक. पण त्यालाही एक नियम आहे, आणि रणजीत तो मला दरवेळी बजावायचा. "ताई, ब्रश उचलायच्या आधी ठरवा, उजेड येतोय कुठून." हातात कंदील तरी पाहिजे, नाहीतर तलवारीचं पातं. काहीतरी पाहिजेच.

मागच्या थंडीत मारुंजीहून परत येताना त्याची मोटारसायकल घसरली. पहाटे एका दूधवाल्याला तो रस्त्याच्या कडेला दिसला. जीव लगेच गेला नसावा, बराच वेळ तसाच पडून असेल, असं डॉक्टर बोलून गेले. यशोदाकाकूंनी तेवढंच ऐकलं. तेवढ्या वेळात त्याच्याजवळ कुणी होतं का, हे त्या दूधवाल्याला विचारून आल्या, पोलिसांना विचारून आल्या, रस्त्यावरच्या टपऱ्या पालथ्या घातल्या. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. बाई अर्धी झाली. समोर ताट वाढलेलं असायचं आणि काकू भिंतीकडे बघत बसायच्या. मला खाली जायचंच जिवावर यायचं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा एक दिवस त्याच वर आल्या. हातात बुटांचा खोका.

"ह्ये रणजीतचं शिपाई. नऊ झाल्यात, एक काळाच ऱ्हायलाय. तेवढा पुरा करून दे गं साधना. शोकेसात मांडीन म्हणते."

"देते की काकू. त्यात काय एवढं?"

"त्याच्यासारखाच उजेड पाड."

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "त्यो एकटाच व्हता का गं?"

मला काय ठाऊक असणार? मी त्यांचा हात धरला आणि जिन्यापर्यंत सोडून आले.

रविवारी दुपारी मी खिडकीपाशी पाट घेतला आणि शिपाई त्यावर मांडले. लख्ख ऊन होतं. खाली कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. एकेक शिपाई फिरवून बघितला आणि कपाळाला हात लावला. एकाच्याही हातात कंदील नाही, तलवारीच्या पात्यावर उजेडाचा ठिपका नाही. कुणाचा डावा गुडघा उजळलेला, कुणाचं उजवं कोपर. शिरस्त्राणाखाली हनुवटीवर हिरवा कवडसा, खांदे मात्र काळेकुट्ट. उजेड होता, पण येत कुठूनच नव्हता. अरे देवा, आमचा मास्तरच चुकला की!

सवय वाईट. कंपनीतले बाण पर्समध्ये होतेच. ज्या बाजूनं उजेड पडलाय तिकडे टोक करून एकेका शिपायाच्या पायाशी एकेक बाण चिकटवला. सगळ्यांवर उजेड खालून येत होता, म्हणजे काहीतरी जमिनीवर होतं. मग डोक्यात आलं, बाण एकमेकांना जुळतात का बघू. एकेक शिपाई बाणासकट सरकवत, वळवत गेले.

नऊ शिपायांचं कडं झालं. त्यात एकाची जागा मोकळी. सगळे आत तोंड करून, माना खाली घालून उभे.

बाणांची टोकं एका ठिपक्यावर येत नव्हती. मधल्या बोटभर लांबीच्या जागेवर येत होती. त्यांच्यातलाच एखादा शिपाई आडवा झोपला, तर बरोबर मावेल एवढी जागा.

हे त्यानं अपघाताच्या आधी रंगवलं होतं. मी ते स्वतःला दोनदा सांगितलं आणि माप घ्यायला मधल्या जागेत पेन्सिल उभी धरली.

डावीकडच्या शिपायावरचा उजेड गेला.

पेन्सिल उचलली, उजेड आला. पुन्हा धरली, पुन्हा गेला. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. पेन्सिलीची सावली सरळ उजवीकडे पडली होती, मला दिसत होती. तरी मी पडदा ओढला, पाट फिरवला, आतल्या खोलीत नेला. पेन्सिल ज्याच्या आड येईल त्याच्यावरचा हिरवा रंग विझायचा, आणि काढली की गुडघ्यावर, कोपरावर जसाच्या तसा. रंग आहे हो तो! रोज आठ तास रंगच बघते मी. रंगाच्या आड काही येत नसतं.

मला भीती वाटली, ती नंतर. आधी हुंदकाच आला.

दहाव्या शिपायाला मी ब्रश लावला नाही. बाकीचे उभे, हा एकटा गुडघा टेकून वाकलेला, एक तळवा पुढे केलेला. तो कड्यातल्या मोकळ्या जागेत ठेवायचं काही मला धाडस झालं नाही. आठवडाभर खोका कपाटावर पडून होता आणि मी कामावर पत्र्यांकडे बघत होते. चांगल्या पत्र्यावर बाण लावला म्हणून साहेबांची बोलणीही खाल्ली.

पुढच्या रविवारी पाटावर खोका ठेवून खाली घेऊन गेले. खोका बघून अर्जुनरावांनी दारातच गाठलं.

"बाई, तिला काय भलतंसलतं सांगू नका. आत्ता कुठं दोन घास खाया लागलीय. पुन्हा तेच उकरून काढलं तर जाईल ती हातची."

बरोबरच होतं त्यांचं. "नुसते द्यायला आलेय काका," मी म्हटलं, आणि देऊन निघणारही होते.

पण काकू बाहेर आल्या, त्यांनी खोका उघडला, आणि पाटावरचे बाण बघितले. ते काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. "ह्ये काय?" म्हणत त्यांनी एकेक शिपाई बाणावर ठेवला. भाकरी थापणारी बोटं, पण एकही शिपाई डगमगला नाही.

कडं झालं. त्या पाटावर वाकल्या.

"मधी कोण पडलंय गं?"

अर्जुनराव म्हणाले, "कोण न्हाई. मोकळंच हाय."

"तुमी गप ऱ्हावा."

त्यांनी दहावा उचलून, तळवा मधल्या जागेकडे करून, कड्यातल्या मोकळ्या जागेत टेकवला.

"याच्यावर न्हाई पाडलास उजेड?"

"नाही काकू. मला नाही जमलं."

"हाय की."

मी वाकले. पुढे केलेल्या तळव्यावर फिका हिरवा थर होता. मग मनगटावर आला. मग शिरस्त्राणाखाली, हनुवटीवर. पातळ, एकावर एक, रणजीत द्यायचा तसा.

मी तळव्याला बोट लावलं. रंग ओला होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी हात पुढे केला आणि निजलेल्या बाळाच्या अंगावर ठेवावा तसा अलगद मधल्या जागेवर ठेवला. नऊ शिपाई काळे पडले. वाकलेल्यावरचा उजेड तसाच राहिला.

इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा सैल झालेला बघितला नव्हता.

"आवो," त्या म्हणाल्या, "हिकडं या. हात लावून बघा."

"कशाला?"

"या तर. एकटा न्हवता त्यो. अजून ऊब हाय."

अर्जुनराव आले. चेहऱ्यावर वैताग होता, बायकोचं मन राखायचं म्हणून वाकले. तिच्या हाताशेजारी त्यांनी आपला हात टेकवला.

मग त्यांनी तो मागे घेतला नाही. दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी तेवढी काढून ठेवली.