सर्दी कोणी आणली?

बाबांचा शेवटचा धडधाकट दिवस गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्याकडे 'नाकवाले' यायचे.

हे नाव बाबांनीच ठेवलेलं. नाकवाले आरोग्य प्रयोगशाळेत साथरोगतज्ज्ञ होते. थंडीभर काही घरांतून दर आठवड्याला नाकातला नमुना घेत, सर्दी असो वा नसो. कोणता विषाणू कधी येतो, घरात कोण कोणाला देतो, हे त्यांना शोधायचं होतं. पहिल्यांदा ते खरं तर समोरच्यांकडे आले होते, बेल चुकून आमची वाजवली. बाबा म्हणाले, "आत या, नाकं आमच्याकडेही आहेत."

त्या गुरुवारी मी शिंकत होते. बाबांना लागू नये म्हणून पार दाराजवळ स्टूल घेऊन बसले होते.

"हे विषाणू थंडीतच का येतात हो?" मी तिथूनच विचारलं. "गारठा आवडतो त्यांना?"

कापसाची काडी नळीत घालता घालता ते थांबले. "कोरडी हवा त्यांच्या पथ्यावर पडते. पण खरं सांगू? आपणच खिडक्या लावून घेतो... आणि एकमेकांच्या जवळ बसतो."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. नळीचं झाकण काही नीट बसेना.

"म्हणजे जवळ बसणं धोक्याचं," आरामखुर्चीतून बाबा.

"धोका... माणसागणिक बदलतो, काका."

"ऐकलंस का गं?"

ते गेल्यावर बाबांनी सरळच विचारलं, "आवडतो का तुला हा?"

"काहीतरीच काय, बाबा!" मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सर्दीचं निमित्त होतंच.

दोन दिवसांनी बाबांना ताप भरला. छातीत कफ दाटला. पुढचा गुरुवार त्यांनी पाहिला नाही.

नाकवाले मात्र येत राहिले. मी दार किलकिलं करून म्हणायचे, "आता नमुना नको."

"नमुन्यासाठी नाही आलो. जेवलात का?"

"हो."

"बरं." आणि जिना उतरायचे.

त्यांना आत घ्यायची मला भीती वाटे. बाबांची सर्दी कोणी आणली, याचं उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेत होतं. ती माझ्याच नाकातून आली असेल तर?

थंडी ओसरली. एका गुरुवारी बेल वाजली आणि मी पहिल्यांदाच दार पूर्ण उघडलं.

"बाबांना... माझीच लागली ना?"

"नाही." ते उंबऱ्यातच उभे होते. "तुमची साधी सर्दी होती. त्यांना इन्फ्लुएंझा झाला, विषाणूच वेगळा. त्या गुरुवारी, ताप यायच्या आधीच, तो त्यांच्या नाकात होता."

"पण ते तर घराबाहेरही पडत नव्हते! मी सक्त बंदी केली होती."

त्यांनी कान खाजवला. "तुम्ही कामावर गेलात की ते बागेशेजारच्या क्लबात बुद्धिबळ खेळायला जायचे. तिथले आणखीही काहीजण तापाने पडले. मला म्हणाले होते, मुलीला सांगू नकोस, ओरडते."

मला हसू फुटलं. किती तरी दिवसांनी. मग मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाबा जिंकायचे का हो?"

"हरायचे. पण समोरच्याला बोलण्यात गुंतवून डाव लांबवायचे."

"असंही वाचलंय मी," डोळे पुसत मी म्हटलं, "एक विषाणू अंगात असला की कधी कधी दुसऱ्याला दारातच अडवतो. मग मी लांब बसले नसते, माझी सर्दी त्यांना लागली असती, तर...?"

"तसं नाही म्हणता येत. हे हजारो माणसांचा हिशेब मांडला की दिसतं. एका माणसाबद्दल नाही सांगता येत."

"मग एका माणसाबद्दल तुम्हाला सांगता तरी काय येतं?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर दर गुरुवारी स्वतः येऊन बघतो."

मी दाराजवळचं स्टूल उचललं आणि आरामखुर्चीच्या शेजारी नेऊन ठेवलं. "बसा."

ते बसले. मी खुर्चीच्या रिकाम्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"हो, बाबा. आवडतो."