हॅलोरन खाडीतल्या खांबाचा डोळा

जरा अलीकडे सरका, पोरांनो, आणि पाण्याकडे पाठ करून बसू नका. ही गोष्ट माझ्या साडूची, ग्लेन ट्रँटरची. पिऊन बडबडणाऱ्यांतला तो नव्हे. बिअरसुद्धा निम्मी सोडून उठतो.

ईस्टरनंतरचा मंगळवार. चंद्र अजून वर यायचा होता. ग्लेन पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्यातला; निघाला तो साध्याच कामाला. हॅलोरन खाडीच्या मधोमध एक सरकारी खांब आहे, त्याला पाण्याखाली काचेचा डोळा. डोळा दिवसरात्र आपसूक पाण्यातला गाळ बघतो आणि वरून उपग्रह तोच गाळ बघतो. दोघांचं जुळलं तर खरं मानायचं. पुरानंतर मात्र जुळेना. उपग्रहाला सगळी खाडी तपकिरी दिसे, डोळा म्हणे पाणी नितळ. पाणी नितळ ठरलं की कालवं विकायला मोकळीक, आणि त्या खाडीत कालवं एकट्या नेव्ह पॅस्कोची.

ग्लेनचा संशय सरळ होता: नेव्ह रात्रीचा येऊन डोळ्याला स्वच्छ पाण्याची पिशवी बांधतो. शिवाय काच पुसणारा ब्रश कधीचा मोडलेला; आतापर्यंत शेवाळ चढायला हवं होतं, तेही नाही. उद्या अहवाल द्यायचा. त्यात नेव्हची लबाडी लिहिली की त्याचा परवाना गेलाच. म्हणून नवा ब्रश घेऊन ग्लेन मुद्दाम अंधारातच निघाला.

नेव्ह धक्क्यावरच उभा.

"चला साहेब, मीही येतो. मला पकडायचंय ना, मग मी तिथं नको का?"

वल्ही त्यानेच मारली. ग्लेनने त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.

होडी खांबाला लागली. नेव्हने वल्ही आत घेतली. तेवढ्यात खालून आवाज आला. ओल्या काचेवर बोटं फिरवावीत तसा. कुई... कुई...

ग्लेनने विजेरी नेव्हवर मारली. दोन्ही हात मांडीवर.

"कोण आहे खाली?"

"मला वाटलं, तुझाच माणूस," नेव्ह म्हणाला. साहेब म्हणायचं तो विसरला होता.

ग्लेनने डोळा वर ओढला. पिशवी नाही. दोरी नाही. काच लख्ख. त्याने तो तसाच खाली सोडला.

आवाज थांबला नव्हता. आता तो होडीच्या बुडाला लागून येत होता...

ब्रश न बसवताच दोघे फिरले. धक्क्यापर्यंत ते बुडाखाली चालूच होतं. कुई... कुई...

सकाळी उपग्रहाचं नवं चित्र आलं. कार्यालयात आनंदीआनंद. खांबापाशी पाणी नितळ, डोळा खरा ठरला, नेव्ह सुटला. ग्लेनने चित्र मोठं करून बघितलं. खाडी चहासारखी तपकिरी. फक्त खांबापासून एक नितळ पट्टा निघाला होता, मळक्या काचेवरून फडकं ओढावं तसा. होडी ज्या वाटेने परतली, त्याच वाटेने.

धक्क्याशी पाणी संपतं. पट्टा संपला नव्हता. तो मातीच्या रस्त्यावर चढून ग्लेनच्या घराकडे वळला होता.