कथियानीच्या वाटेवर बदललेले रुपये

सरका जवळ. ज्याला लघवीला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं, मागून एकट्यानं जाववणार नाही.

हे आपल्या किथोमेचं. मोटरसायकलवाला किथोमे, रोज त्याच्याच मागं बसता तुम्ही. गेल्या ऑगस्टातला दुसरा मंगळवार. त्याची म्हातारी आई स्योकाऊ दम्यानं घुसमटत होती, घरातला पंप संपलेला. म्हणून हा माचाकोसला गेला, औषधवाल्याला झोपेतून उठवलं, पंप घेतला न् कथियानीच्या वाटेनं घराकडं निघाला. पावणेबारा झालेले. दिवसभर गाडी हाकून डोळे उघडे राहत नव्हते त्याचे.

चढावर एका म्हाताऱ्यानं हात केला. अंगावर घोंगडी, पाय उघडे, काखेत मडकं. थांबला कशाला म्हणाल, तर सवय. मोटरसायकलवाला हात दिसला की थांबतो. हात कुणाचा, ते नंतर बघतो.

म्हातारा मागं बसला. गाडी दबली नाही.

बसल्याबसल्या बोलायला लागला. म्हणे, गोऱ्यांच्या जर्मन लढाईत दोन वर्षं ओझी वाहिली. मजुरीचे चांदीचे रुपये शेळ्यांच्या गोठ्यात पुरून ठेवले, तेच हे मडक्यात. आता सरकारनं रुपया मोडून शिलिंग आणलंय, न् डोंगरात खबर आली तेव्हा बदलायचा शेवटचा दिवस उजाडलेला. कचेरी बंद झाली की रुपयांची खापरं.

ती लढाई होऊन शंभर वर्षं झाली, पोरांनो. आपल्याकडचा रुपया जाऊन शिलिंग आलं तेही तेव्हाच. किथोमेला वाटलं, प्यालाय.

"बाबा, कचेरी मागं माचाकोसला राहिली. मी घरी चाललोय."

"मग फिरव गाडी."

"आई मरेल माझी."

वारा नाही. रातकिडा नाही...

गाडी पळत होती. चाक फिरत होतं. बाजूला बाभूळ. थोड्या वेळानं बाभूळ. तीच. मोडकी फांदी तीच...

"फिरव."

किथोमे रडकुंडीला आला. भिऊन नाही. थकून. म्हणाला, "द्या इकडं. मीच बदलतो." खिशातली सगळी चिल्लर काढली, हात मागं केला. "एवढंच आहे. बाकीचे मोबाईलवर धाडले असते, पण नंबर कुठाय तुमचा?"

गार बोटं. एकेक नाणं उचललं. सावकाश...

मग बोटं नाहीत.

बाभूळ मागं पडली.

घरी पोचला तेव्हा म्हातारीचे ओठ काळेनिळे. पंप ओढला, छाती मोकळी झाली, झोपली. हाही तसाच भिंतीला टेकून पडला. रुपये? एकही नाही. ना खिशात, ना सीटवर.

सकाळी चहा द्यायला गेला, तर म्हातारीचा डावा अंगठा जांभळा. शाई. कचेरीत पैसे घेताना अंगठा उठवून घेतात, ती. म्हणजे त्या रुपयांची पोच हिच्या अंगठ्यानं झाली. म्हातारी महिनाभर अंथरुणातून उठलेली नाही. घरात शाईचा थेंब नाही.

साबण लावला. रॉकेल लावलं...

परवा मी जाऊन आलो. बोट लावून बघितलं.

अजून ओली आहे.